बैलाचा नकार ओळखायचा कसा?

शर्यतीत बैलाची शेपटी चावतात, विजेचा धक्का देतात, हे ऐकलं की आपल्याला शिसारी येते. पण ऊस हंगामात कुपवाड परिसरात खांदेसूज आलेला बैल मोळ्यांनी लादलेली गाडी ओढत असतो, तेव्हा आपण हॉर्न वाजवून पुढे जातो. वेदना दोन्हीकडे आहे. दुसरी रोजची झाल्यामुळे डोळ्यांना खुपत नाही, इतकंच.

मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ब्राझील व अमेरिकेतल्या लोकांना एक गोष्ट सांगितली: गाडीखाली मेलेला पाळीव कुत्रा घरच्यांनीच शिजवून खाल्ला. यात कुणाचं नुकसान झालं, हे सांगता न येणाऱ्यांपैकीही अनेकांनी ते चूकच ठरवलं. भावना आधी निकाल देते, कारणं मागून शोधली जातात, अशी मांडणी हाइट यांनी पुढे केली. शिसारी निरुपयोगी नाही. ती लक्ष वेधते. मात्र दुःखाचं माप तिच्यावर सोपवता येत नाही.

शर्यतींचा वादही असाच फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्याने कायदा बदलला, २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल मान्य केला. शौकीन म्हणतात, बैल हौसेनं पळतो. विरोधक विचारतात, त्याला कुणी विचारलं?

विचारता येतं. नॉर्वेच्या संशोधकांनी २३ घोड्यांना चिन्हांच्या पाट्या ओळखायला शिकवल्या. गार पावसात घोडे झूल घालण्याच्या चिन्हाला तोंड लावत, उन्हात काढण्याच्या. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्याला करारातल्यासारखी संमती देता येत नाही, पण पसंती आणि नकार दाखवता येतो. बेंदराच्या खांदेमळणीत हळद-तूप चोळणाऱ्या शेतकऱ्याला बैलाचं अंग चोरणं, अडणं, खाली बसणं चांगलं कळतं. या नकारालाच आपण एरवी ‘अडेलपणा’ म्हणतो आणि काठी उगारतो.

म्हणून हौसेचा दावा तपासावा, असं मला मनापासून वाटतं. जू समोर ठेवा, वेसण मोकळी सोडा, काठी दूर ठेवा, बाजूला चारा-पाणी आणि निघून जायला वाट ठेवा. बैल पुन:पुन्हा जुवाकडे येतो का, पाहा. सवयीनं येणारा बैलही असेल, म्हणून नव्या खोंडांवरही हे करून पाहावं लागेल. हीच कसोटी उसाच्या गाडीलाही लावावी; तिथे तर हौसेचा दावाही कुणी करत नाही.