जळजळ किती आणि इजा किती?

बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यानच्या अंथुर्ण्यात काय किंवा पुण्यात काय, छातीत जळजळ झाली, आंबट पाणी घशाशी आले, की आपण म्हणतो, 'पित्त झालंय.' वास्तविक पित्त यकृतात तयार होते. घशाशी येते ते प्रामुख्याने जठरातले आम्ल.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते सैल होते, एरवी आवळलेले राहते. ते अवेळी सैल झाले किंवा ढिले पडले, तर आम्ल वर चढते. थोडेफार असे सर्वांनाच होते. त्याचा वारंवार त्रास होऊ लागला किंवा अन्ननलिकेला इजा झाली, तर त्याला आजार म्हणतात. या आजाराची तीव्रता कशी ठरवायची?

'जितकी जळजळ जास्त, तितका आजार मोठा' हे उत्तर सहज सुचते. पण ते बरोबर नाही. खूप जळजळ होणाऱ्या अनेकांच्या अन्ननलिकेचे अस्तर शाबूत असते. उलट, वृद्धांमध्ये संवेदना मंदावल्याने इजा बरीच असूनही त्रास थोडाच जाणवतो. म्हणून इजा आणि आम्ल या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

इजा पाहण्यासाठी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी करतात. तोंडावाटे लवचीक नळी घालून अस्तर प्रत्यक्ष पाहतात. १९९४ साली लॉस एंजेलिस येथील जागतिक परिषदेत मांडलेल्या पद्धतीत इजेच्या चार श्रेणी आहेत. अस्तरावरील ओरखडे ५ मिलिमीटरपर्यंत असले तर 'ए', त्याहून लांब असले तर 'बी'. ओरखडे एका घडीवरून दुसऱ्या घडीपर्यंत सलग पसरले तर 'सी', आणि नळीच्या घेराचा ७५ टक्के किंवा अधिक भाग व्यापला तर 'डी'. 'ए' श्रेणी कधी कधी निरोगी माणसांतही आढळते. त्यामुळे तेवढ्यावरून निदान पक्के करत नाहीत.

दुर्बिणीत काहीच दिसले नाही आणि त्रास मात्र चालूच राहिला, तर आम्ल मोजतात. नाकावाटे एक बारीक नळी घालून तिचा संवेदक स्नायूंच्या कड्याच्या ५ सेंटिमीटर वर ठेवतात. २४ तास सामूची (पीएचची) नोंद होत राहते. रुग्ण नेहमीसारखा जेवतो, झोपतो आणि जळजळ केव्हा झाली ते लिहून ठेवतो. सामू ४ च्या खाली किती वेळ होता, हे पाहायचे असते. जठरातले पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर ४ च्या खालीच जोमाने काम करते, आणि अन्ननलिकेचे अस्तरही प्रथिनांचेच बनलेले!

२४ तासांची मिनिटे १४४०. त्यांपैकी ६ टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे ८६ मिनिटांपेक्षा जास्त वेळ सामू ४ च्या खाली असेल, तर आजार निश्चित मानतात. ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे सुमारे ५८ मिनिटांच्या आत असेल, तर ते सामान्य. मधल्या पट्ट्यात इतर पुरावा लागतो. स्नायूंच्या कड्याचा दाब मोजणारी तिसरी तपासणीही आहे. ती शस्त्रक्रियेआधी आवश्यक असते. पण एकट्या तिच्यावरून आजाराचे निदान होत नाही.

मग जळजळणाऱ्या प्रत्येकाने नळी घालून घ्यायची का? नाही. नेहमीची लक्षणे असतील तर डॉक्टर काही आठवडे आम्ल कमी करणारे औषध देऊन पाहतात. मात्र घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल, तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. चालताना, कष्ट करताना छातीत दुखत असेल तर 'पित्त' म्हणून गप्प न बसता आधी हृदयाची तपासणी करावी.

स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोळीने जखम भरून येते. त्यामुळे औषध चालू असताना केलेल्या तपासणीत मूळ इजा झाकलेली राहू शकते. गोळ्या केव्हा थांबवायच्या, हे तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारावे.

वर्गात सामू शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. सामू ७ वरून ४ वर आला, तर आम्लता तिप्पट वाढत नाही, हजारपट वाढते. हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे.