ग्रंथपालही शिकतो आहे — बेसिंगस्टोकची एक गोष्ट

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून नैऋत्येकडे निघालेली आगगाडी सुमारे पाऊण तासात बेसिंगस्टोक या गावी पोहोचते. हॅम्पशायर परगण्यातील हे जुने बाजाराचे गाव. जवळच्याच स्टीव्हंटन खेड्यात 1775 साली जेन ऑस्टिन ही थोर कादंबरीकार जन्मली. 1798 च्या डिसेंबरात तिने आपली बहीण कॅसांड्रा हिला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. मिसेस मार्टिन नावाच्या बाई वर्गणीचे ग्रंथालय उघडीत असून त्यांनी सभासद होण्याविषयी मोठ्या अदबीने चिठ्ठी पाठविली आहे, असे ती त्यात सांगते. आपल्याकडे नुसत्या कादंबऱ्या नसून सर्व तऱ्हेची पुस्तके असतील, असेही त्या बाईंनी कळविले होते.

त्या काळी ग्रंथालय चालविणाऱ्यास काय ठाऊक असावे लागे? कोणते पुस्तक कोठे आहे, कोणी नेले, वर्गणी कोणाची थकली, एवढे कळले की पुरे. आज मात्र त्याच गावात, फेस्टिव्हल प्लेस या मोठ्या बाजारसंकुलात असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे नावच ‘डिस्कव्हरी सेंटर’ असे आहे. नाव बदलले तसे कामही बदलले.

वाचक बंधुभगिनींनो, आज इंग्लंडातील कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहावे. पुस्तक मागणारे येतात, तसेच हातात सरकारी कागद घेऊन येणारेही येतात. बेकार व गरजू लोकांना मिळणारे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे साहाय्य 2013 पासून सुरू झाले, त्याचा अर्ज मुख्यतः इंटरनेटवरूनच करावयाचा असतो. परदेशातून येऊन राहिलेल्यांजवळ वास्तव्याचा पुरावा म्हणून जे प्लास्टिकचे कार्ड असे, त्याची जागा आता इंटरनेटवरील खात्याने घेतली आहे. ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याचा मुलगा दूरगावी आहे, ज्याला इंग्रजी वाचता येते पण ‘पासवर्ड’ म्हटले की धडकी भरते, त्याने जावे कोठे? तो ग्रंथालयात येतो. आणि काउंटरमागच्या माणसाला विचारतो, “हे जरा करून दाखवता का?”

त्या माणसाला ते येत नसेल तर? पुस्तक सापडले नाही तर वाचक दुसरे नेईल. अर्ज भरता आला नाही तर मात्र एखाद्याच्या घरची चूल अडेल. म्हणून ग्रंथालयातील सेवकांचे संगणक-शिक्षण ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

ब्रिटनमध्ये ही जाणीव लवकर झाली. 1997 साली ‘न्यू लायब्ररी : द पीपल्स नेटवर्क’ नावाचा अहवाल निघाला. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात इंटरनेट असावे आणि तेथील सेवकांना ते वापरता व शिकविता यावे, असा त्याचा रोख होता. लॉटरीच्या उत्पन्नातून यंत्रे व जोडणी यांसाठी 10 कोटी पौंड आणि सेवकांच्या शिक्षणासाठी निराळे 2 कोटी पौंड काढून ठेवण्यात आले. यंत्रावर खर्च करणारे पुष्कळ असतात, माणसावर मुद्दाम खर्च करणारे थोडे. म्हणून हा दुसरा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या शिक्षणात ‘युरोपियन कॉम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स’ या परीक्षेचा नमुना पुढे ठेवला होता. मोटार हाकण्याचा परवाना असतो तसाच हा संगणक हाकण्याचा परवाना!

परंतु यंत्रविद्या अशी आहे की आज शिकलेले उद्या जुने होते. दर वेळी सेवकांना वर्गात बसवावयाचे तर काउंटर कोण सांभाळणार? यावर अमेरिकेत एक सोपी युक्ती निघाली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स या बाईंनी 2006 साली आपल्या सहकाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक पाठ्यक्रम मांडला. त्यात 23 लहान लहान कामे होती, म्हणून त्याचे नाव ‘ट्वेंटी-थ्री थिंग्ज’ असे पडले. शिक्षक नाही, घंटा नाही, ठरलेला तास नाही. आठवड्याला दोन-तीन कामे, आणि जी ती व्यक्ती आपल्या सवडीने ती करणार. पहिल्या दिवसांत स्वतःची एक इंटरनेटवरील रोजनिशी उघडावयाची, आणि पुढे जे जे शिकले ते तीत लिहावयाचे. छायाचित्र चढविणे, आपल्या पुस्तकांची यादी करणे, ध्वनिफीत शोधून ऐकणे, अशी ती कामे. सर्व पुरी करणाऱ्यास गाणी ऐकण्याचे छोटेसे यंत्र बक्षीस मिळे.

या युक्तीचे मर्म बक्षिसात नव्हते, खेळण्याची मुभा देण्यात होते. चाळीस-पन्नाशीच्या सेवकाला सर्वांत मोठी भीती असते ती चारचौघांत हसे होण्याची. वर्गात तरुण मुलगा झरझर पुढे जातो आणि हा मागे राहतो, मग तो विचारणेच सोडून देतो. आपल्या सवडीने शिकताना तोच धडा तीनदा पाहिला तरी कोणी पाहत नाही. शिवाय रोजनिशी लिहिल्यामुळे एकाची अडचण दुसऱ्याला कळते व उत्तरही मिळते. ब्लोअर्स बाईंनी हा पाठ्यक्रम इतरांना वापरावयास मोकळा ठेवला, म्हणून तो देशोदेशी पसरला. 2010 साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीही आपापल्या सेवकांसाठी त्याची आवृत्ती काढली.

मग सारे आलबेल आहे काय? नाही. ‘आपल्या सवडीने’ या शब्दांतच मेख आहे. सवड असेल तरच ना! संस्थेने आठवड्याचा एक तास शिकण्यासाठी राखून दिला नाही, तर सवडीने शिकणे म्हणजे रात्री घरी स्वयंपाकपाणी उरकून शिकणे असा अर्थ होतो. पैशाची ओढ लागली की प्रथम हाच तास कापला जातो. हॅम्पशायर काउंटी कौन्सिलने 2020 साली आठ ग्रंथालये बंद करण्याचे ठरविले, त्यांत बेसिंगस्टोकला लागून असलेल्या चिनहॅमचे नाव होते. एक ग्रंथालय मिटते तेव्हा तेथील गरजू माणूस शेजारच्या काउंटरवर जातो. म्हणजे काम वाढते, माणसे वाढत नाहीत, आणि शिकण्याची सवड उरत नाही. उत्तम पाठ्यक्रम असला तरी तो मग नुसता पडद्यावर राहतो. पी हळद अन् हो गोरी, असे विद्येत कधी होत नाही.

या बाबतीत भारताचा व इंग्लंडचा संबंध जुना आहे. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमले गेलेले गणिताचे प्राध्यापक रंगनाथन हे शिक्षणासाठी लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले, पण क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात प्रत्यक्ष काम पाहूनही बरेच शिकले. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे, हे शेवटच्या सूत्राचे सार. सजीव संस्था वाढावयाची तर तिच्यातील माणसांनीही वाढले पाहिजे, हे ओघानेच आले.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला आणि खेडोपाडी अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये उभी राहिली. तेथील ग्रंथपाल बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करणारा एकटा माणूस असतो. तो महिनाभर दार लावून शहरात शिकावयास जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी घरबसल्या, आपल्या गतीने शिकण्याची सोय म्हणजे मोठाच आधार. 2001 पासून एमएससीआयटी या पाठ्यक्रमाने महाराष्ट्रात असंख्य लोकांची संगणकाशी तोंडओळख करून दिली. 2017 साली भारत सरकारने ‘स्वयम्’ नावाने इंटरनेटवरील विनामूल्य पाठ्यक्रम सुरू केले, त्यांत ग्रंथालयशास्त्राचेही धडे आहेत. उणीव आहे ती भाषेची. असे बरेचसे धडे इंग्रजीत आहेत, आणि खेड्यातल्या ग्रंथपालाला ते मराठीत मिळाले तर तो दुप्पट वेगाने शिकेल.

आपल्या मॉरिशस बेटालाही हे सारे परके नाही. क्यूरपीपच्या कार्नेगी ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून आपल्यातील कित्येकांच्या आईवडिलांनी पहिले पुस्तक घरी आणले असेल. आज आपल्या घरांतील आजी-आजोबांना पेन्शनचे, बँकेचे, परदेशी असलेल्या नातवंडांशी बोलण्याचे काम यंत्रावरच करावे लागते. प्रत्येकाजवळ वेळ असलेला नातू असतोच असे नाही. तेव्हा गावातील ग्रंथालय आणि आपल्या मंडळींची पुस्तकांची कपाटे यांच्यापाशी कोणीतरी शिकलेला, न रागावता दहादा सांगणारा माणूस असणे अगत्याचे आहे.

यासाठी फार काही लागत नाही. मंडळीच्या कार्यकर्त्यांपैकी दोघांनी जोडीने शिकावयाचे ठरवावे, कारण एकटा माणूस मध्येच सोडून देतो. आठवड्याचा एक तास नेमावा व तो मोडू नये. एका वेळी एकच लहान काम शिकावे, ते वहीत मराठीत लिहून ठेवावे, आणि पुढील आठवड्यात ते तिसऱ्या कोणाला तरी शिकवावे. थेंबे थेंबे तळे साचे. संस्थेच्या चालकांनी मात्र तो तास कामाचाच समजावा, कारण काउंटरमागच्या माणसाला शिकावयास दिलेला वेळ शेवटी काउंटरपुढच्या माणसाच्याच पदरात पडतो.