परमुलखातला पहिला हिवाळा

मूल परदेशी शिकायला निघाले की आपल्या घरांत दोन याद्या होतात. एक कागदपत्रांची आणि दुसरी डब्यांची. मेतकूट, चटण्या, लोणचे, छोटा कुकर आणि शेवटी वजनकाट्यावर बॅग ठेवून होणारी ओढाताण. तिसरी यादी मात्र कुणी करत नाही. तिकडे गेल्यावर मनाचे काय होणार, त्याची ती यादी. आज तिच्याबद्दल बोलतो. उदाहरण घेतो जर्मनीचे, कारण माझी भाची तिथे शिकते आणि दोन वर्षे दर रविवारी तिच्या फोनवरून मी तो देश ऐकतो आहे. प्रश्न तिच्या एकटीचा नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ४९ हजारांवर गेली होती. कुठल्याही एका परदेशातून आलेले इतके विद्यार्थी तिथे नव्हते.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये रिओ द जानेरो इथे एक भाषण दिले. परक्या संस्कृतीत गेलेला माणूस आधी हरखतो, मग चिडतो आणि खचतो, नंतर हळूहळू सावरतो आणि शेवटी रुळतो, असे त्याने मांडले. पुढच्या अभ्यासकांनी त्यात दुरुस्ती केली. काहींना हरखण्याचा काळ मिळतच नाही, पहिले आठवडेच सर्वांत कठीण जातात. पण ओबर्गचे एक निरीक्षण आजही पटते. आपल्याला खचवतात त्या मोठ्या संकटांपेक्षा रोजच्या बारीक खुणा हरवल्याने. केव्हा हसायचे, कुणाला नमस्कार करायचा, नकार खरा की भिडेचा, हे इथे आपल्याला न विचारता कळते. तिथे ते सारे नव्याने शिकावे लागते.

पहिले आठवडे जातात कागदांत. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११ हजार ९०४ युरो ठरली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. हे पैसे आपलेच, पण तिथे पोचून बँकेचे खाते सुरू झाल्याशिवाय हाती येत नाहीत. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करायची आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र हवे. ही नोंद अडली की पुढची बरीच कामे खोळंबतात. खोली मिळणे तर सर्वांत अवघड, कारण विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते. म्हणून प्रवेश मिळाला की विमानाच्या तिकिटाआधी खोलीसाठी अर्ज करावा, पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे जवळ ठेवावेत आणि खोली न पाहता कुणालाही अनामत पाठवू नये.

वर्गातला धक्का वेगळाच. वेळापत्रकात दहाची वेळ असते आणि व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. तिथल्या विद्यापीठांची ती जुनी रीत आहे. व्याख्यान संपले की टाळ्या वाजत नाहीत, मुले बाकावर टकटक करतात. गुणांचा हिशेब उलटा. १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे कसेबसे उत्तीर्ण, ५ म्हणजे नापास. या गमती लवकर अंगवळणी पडतात. जड जाते ते स्वातंत्र्य. अनेक विषयांना हजेरी नसते आणि सत्राचा सगळा भार एका परीक्षेवर असतो. ती देण्याच्या संधीही मोजक्याच. तुम्ही वर्गात आला नाहीत म्हणून कुणी विचारायला येत नाही. शिक्षकांना उलट प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणा मानला जात नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनाला गेल्या होत्या. मानवी कवट्या मोजून त्यांनी काढलेला निष्कर्ष मार्गदर्शकांच्या वंशविषयक गृहीतकाला जुळत नव्हता. तरी त्यांनी तो मांडला आणि डॉक्टरेट मिळवूनच परतल्या. तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांनी ही गोष्ट गाठीशी बांधावी.

आता भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी डॉक्टरची वेळ, विम्याचे पत्र आणि जिन्यातली शेजारीण जर्मनमध्येच भेटतात. मराठी माणसाने मात्र बिचकू नये. तू आणि तुम्ही यांतला फरक जर्मनला आहे. तीन लिंगे आपल्याला तो-ती-तेमुळे ओळखीची आहेत. फक्त ती जुळत नाहीत. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. कवीला यात मौज वाटेल, परीक्षार्थीला नाही! जाण्याआधी सहा महिने भाषा शिकणे हा खर्च नव्हे, तो आधार आहे.

आणि मग हिवाळा. बहुतेकांचे पहिले सत्र ऑक्टोबरात सुरू होते. डिसेंबरात बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. रविवारी दुकाने बंद. ईद असो की दिवाळी, सुट्टी नाही. याच दिवसांत भाची फोनवर म्हणायची, "मामू, सगळं ठीक आहे." नंतर कळले की त्या दहा दिवसांत ती वर्गात गेलीच नव्हती. पडदा ओढून खोलीत पडून होती. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेले, आईच्या बांगड्या बँकेत गहाण. अशा मुलीने दुःख सांगायचे कोणत्या तोंडाने? शेवटी स्वयंपाकघर वाटून घेणाऱ्या एका तेलुगू मुलीने दार वाजवले आणि तिला विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे नेले. ही सोय तिथे बहुतेक विद्यापीठांत असते. तिचा उपयोग करणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे, हे मुलांच्या आधी आपण आईबापांनी समजून घ्यायला हवे.

सावरण्याचे उपाय साधे असतात. दिवसाचा थोडा तरी उजेड अंगावर घ्यावा. आठवड्यातून एकदा तरी कुणासाठी रांधावे. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, डाळी बहुधा तुर्की दुकानात मिळतात. १९६१ च्या करारानंतर मजुरीला आलेल्या तुर्की माणसांनी आपली चव त्या देशात रुजवली, तिचा फायदा आज आपल्या मुलांना होतो आहे. आणि आपले काहीतरी तिथे करावे. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन बर्लिनमध्ये अर्थशास्त्र शिकत होते, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी तिथल्या काविआनी छापखान्यातून गालिबचा दिवाण छापून घेतला. घरची आठवण त्यांनाही आली असेलच. पण आपली भाषा त्या परक्या शहरात कामाला लावली की शहर थोडे आपले होते.

शेवटी इथल्यांसाठी एक विनंती. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. दिवसातून चार वेळा फोन केला तर मूल शरीराने तिथे आणि मनाने इथेच राहते. फोन ठरल्या वेळी करावा. "जेवलीस का?" हे आपण विचारणारच, ते आपल्या रक्तातच आहे. त्यासोबत आणखी एक विचारावे : "आज कुणाशी बोललीस?" सलग काही दिवस उत्तर "कुणाशीच नाही" असे आले, तर मार्कांची चौकशी बाजूला ठेवावी आणि तिला निवांत बोलू द्यावे.