जनगणनेची फेरतपासणी

१९५१ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची नोंद सुमारे १ लाख ८१ हजार होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, १९६१ मध्ये, ती सुमारे साडेबत्तीस लाखांवर गेली. म्हणूनच जनगणनेचा आकडा कितपत अचूक असतो, हे आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

या अचूकतेची परीक्षा शासन स्वतःही घेते. १९५१ पासून जनगणनेनंतर नमुना म्हणून निवडलेल्या मोजक्या गटांत पुन्हा घरोघरी जाऊन स्वतंत्र मोजणी होते. ही नवी यादी मूळ यादीशी ताडून पाहतात. सुटलेल्यांतून दोनदा मोजलेले वजा केले की निव्वळ गळती निघते. २०११ मध्ये ती देशभरात दर हजारी २३ होती. खेड्यांपेक्षा शहरांत ती अधिक आढळते.

याचे कारण आपल्या परिसरातच दिसते. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. बदलापूर-अंबरनाथमधील नव्या इमारती, भाड्याची बिऱ्हाडे, उल्हासनगरच्या जुन्या बराकींतील दाट वस्ती आणि पहाटेच्या लोकलने कामावर जाणारी माणसे, यांमुळे प्रगणकाला अनेकदा कुलूपच भेटते.

मात्र ही तपासणी गळतीचे प्रमाण सांगते. मूळ आकडा दुरुस्त करीत नाही. ती नमुन्यावर आधारलेली असल्याने एखाद्या शहरातून किती जण सुटले, हेही तीवरून कळत नाही. सुटलेले कुटुंब पुढील जनगणनेपर्यंत सुटलेलेच राहते. म्हणून २०२७ च्या जनगणनेत घरातील प्रत्येक व्यक्तीची, धर्मासह, बिनचूक नोंद झाली की नाही, हे प्रगणक दारी असतानाच पाहावे.