पृथ्वी शॉवर ८ महिन्यांची बंदी होती, मग त्यानं अख्खी आयपीएल कशी खेळली?

३० मार्च २०१९. दिल्लीत कोलकात्याविरुद्ध पृथ्वी शॉ ९९ वर आउट झाला. एका रनानं शतक हुकलं म्हणून सगळे हळहळले. पण कागदोपत्री बघाल तर त्या दिवशी त्याच्यावर डोपिंगची बंदी सुरू होती. आणि हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती बंदी जाहीर झाली चार महिन्यांनी, ३० जुलैला!

हा टायपो नाहीये. झालं असं की, २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या सामन्यात शॉच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटलिन सापडलं. खोकल्याच्या काही औषधांत ते असतं. डॉक्टरांनीच दिलं असेल तर खेळाडू त्यासाठी आधी परवानगी मागू शकतो, पण शॉनं ती घेतली नव्हती. चुकून घेतलं गेलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयनं मान्य केलं आणि ८ महिन्यांची बंदी घातली.

खरी गंमत तारखांमध्ये आहे. बंदी सुरू कधी? १६ मार्च. संपणार कधी? १५ नोव्हेंबर. म्हणजे घोषणा झाली त्या दिवशी साडेचार महिने आधीच 'भोगून' झाले होते आणि त्याच साडेचार महिन्यांत तो दिल्लीकडून १६ सामने खेळला होता, ३५३ रन काढले होते. उरले साडेतीन महिने. १७ नोव्हेंबरला तो मुंबईकडून पुन्हा मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात ६३ मारले.

युसुफ पठाणचं तर याहून भारी. त्याच्याही नमुन्यात टर्ब्युटलिनच होतं. ५ महिन्यांची बंदी ९ जानेवारी २०१८ ला जाहीर झाली आणि १४ जानेवारीला संपलीसुद्धा.

मग हे बेकायदा होतं का?

नाही. प्रक्रियेला उशीर झाला आणि त्यात खेळाडूचा दोष नसेल, तर शिक्षा मागच्या तारखेपासून मोजता येते. जगभरच्या डोपिंग नियमांत ही तरतूद आहे. प्रश्न वेगळा आहे : ही सवलत देणार कोण?

तेव्हा बाकीच्या खेळांतल्या भारतीय खेळाडूंची चाचणी नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था करायची. कुस्तीपटू असो की धावपटू, घर की संघटना मध्ये पडणार नाही. क्रिकेट मात्र बाहेर. चाचणी करून घेणार बीसीसीआय, सुनावणी बीसीसीआयची, शिक्षाही बीसीसीआयची. ज्या खेळाडूच्या जिवावर तिकिटं विकायची, त्याचाच न्याय करायचा. शॉच्या प्रकरणावरून क्रीडा मंत्रालयानं नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवलं. वर्षानुवर्षं नाही म्हणणाऱ्या बीसीसीआयनं ९ ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे बंदीच्या घोषणेनंतर दहाच दिवसांनी, नाडाची चाचणी मान्य केली.

यंत्रणा बदलली. पण माणसाचं काय?

विरारचा हा पोरगा. किट बॅग सांभाळत सकाळची लोकल पकडणं काय असतं, हे मोरिवली-बदलापूरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. १४ व्या वर्षी हॅरिस शिल्डमध्ये ५४६. १८ व्या वर्षी अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. अशा पोराला 'नाही' म्हणायची हिंमत आसपास किती जणांत उरत असेल?

ती मुंबईनं दाखवली, उशिरा का होईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला रणजी संघातून वगळलं. फिटनेस आणि शिस्तीच्या तक्रारी होत्या. नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात बेस प्राइस ७५ लाख असूनही कुणी घेतलं नाही. डिसेंबरमध्ये विजय हजारे स्पर्धेच्या संघातही नाव नव्हतं, तेव्हा त्यानं इन्स्टाग्रामवर आपले आकडे टाकून देवालाच जाब विचारला. कॅप्टन श्रेयस अय्यरनं मात्र साफ सांगितलं की, कुणालाही लहान बाळासारखं सांभाळत बसता येत नाही. मला विचाराल तर शॉला मिळालेली ही सगळ्यात प्रामाणिक वागणूक होती.

जून २०२५ च्या एका मुलाखतीत शॉनं स्वतःच कबूल केलं की काही निर्णय चुकले, संगत चुकली, क्रिकेटला वेळ कमी दिला. मग मुंबई सोडून तो महाराष्ट्राकडे आला.

आता गोष्ट सरळ झाली असं वाटेल, पण तसं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गहुंजेला मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्यानं १८१ केले आणि आउट झाल्यावर मुशीर खानवर बॅट उगारली. अंपायरना मध्ये पडावं लागलं. कॅप्टन अंकित बावणेचं म्हणणं पडलं की सराव सामना होता, असं होतं, आता सगळं ठीक आहे. त्याच महिन्यात शॉनं चंदीगडविरुद्ध १४१ चेंडूंत द्विशतक ठोकलं आणि चर्चा त्या खेळीवर गेली.