नाण्यावर दोन आकडे : टांकसाळीची चूक की नंतरचा घाव?

आठवीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत धावत आला. "सर, आमच्याकडच्या पाच रुपयांच्या नाण्यावर दोन पाच आहेत! धुळ्याच्या मामूंनी व्हिडिओ पाहिला. असं नाणं लाखांत जातं म्हणे. फक्त नोंदणीचे अडीच हजार आधी भरायचे आहेत."

"पैसे राहू देत. आधी नाणं आण," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी, तिरप्या उजेडात, भिंगाखाली नाणं धरलं. दुसरा पाच खरंच होता. पण आरशात दिसावा तसा उलटा आणि धातूत रुतलेला. "टांकसाळीत आकडा वर उठतो, हा तर खाली दबलाय," मी दाखवलं. मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "अब्बांच्या गॅरेजमध्ये भाईजानने दोन नाणी वाइसमध्ये आवळली होती."

उलगडा झाला.

खरी दुहेरी अक्षरं कशी ओळखायची? ठसा तयार होतानाच त्यावर आकृती दोनदा, किंचित सरकून उमटली, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष येतो. दोन्ही अक्षरं उठावदार आणि गोलसर असतात, टोकाशी फाटा दिसतो. संग्राहक किंमत देतात ती याला. छपाईच्या वेळी ठसा सैल होऊन हलला, तर अक्षराशेजारी सपाट पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. हाही टांकसाळीतलाच प्रकार, पण त्याला सहसा जास्त मोल नसतं. नंतरच्या घावात मात्र धातू एका बाजूला ढकललेला असतो, अक्षरं चेपलेली असतात, ओरखडे चमकतात. त्याच वर्षाचं दुसरं नाणं शेजारी ठेवा, फरक लगेच कळेल. आणि नाणं चिंचेनं घासू नका, किंमत घटते.

आपल्या खानदेशाला हा विषय नवा नाही. अकबराने १६०१ मध्ये खानदेश जिंकल्यावर बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीत मोगल रुपये पडू लागले. तेव्हा नाणी हातोड्याने पाडत. दोन घावांमध्ये नाणं सरकलं, की फारसी अक्षरं दुहेरी उमटत. तो दोष नाण्याच्या जन्मापासूनचा.

राहिला प्रश्न अडीच हजारांचा. जुनी नाणी-नोटा विकून देण्याच्या नावाखाली शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी पैसेही मागत नाही. ७८६ च्या नोटेवर आपल्या घरांत जीव असतो, हे ठगांनाही ठाऊक आहे.

मामूंनी पैसे भरले नाहीत. मुलाने विचारलं, "सर, हे नाणं दुसऱ्या कुणाला विकू का?" मी म्हटलं, "वीक, पण ऐब सांगून."

त्याने ते कंपासपेटीत ठेवून दिलं.