कॅमेरा कुठे उभा आहे?

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येते, हे तिथल्या वैशाली नगरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच दल्ली-राजहरा परिसरातल्या जंगलात मुंबईच्या अमित मसुरकरांनी ‘न्यूटन’ (२०१७) चित्रित केला, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. कथा एका मतदान केंद्राची. केंद्र जंगलात, मोडक्या शाळेत, आणि यादीत फक्त ७६ मतदार.  वैशाली नगरात मतदानाच्या रांगेत उभे राहून ज्यांनी बोटाला शाई लावून घेतली आहे, त्यांना या चित्रपटातली सर्वांत बोलकी गोष्ट चटकन जाणवते: रांगच नाही.

ती उणीव मसुरकर कशी दाखवतात? दुसऱ्या एखाद्याने एका पात्राच्या तोंडी लोकशाहीवर भाषण घातले असते. इथे टेबल मांडले जाते, यंत्र लावले जाते, कर्मचारी बसतात आणि कोणीच येत नाही. कंटाळा येईल इतका वेळ आपणही त्यांच्यासोबत थांबतो. नंतर परदेशी पत्रकार येणार म्हटल्यावर सुरक्षा दल गावकऱ्यांना गोळा करून आणते, आणि रिकाम्या जागेत एकाएकी गर्दी होते. आधीचे रिकामेपण पाहिलेले असल्यामुळेच ती गर्दी खोटी वाटते. म्हणजे आशय संवादात सांगितलेला नाही, दृश्यांच्या क्रमात आणि लांबीत ठेवलेला आहे.

दिग्दर्शकाच्या हातात मुळात तीन-चारच गोष्टी असतात. कॅमेरा कुठे ठेवायचा, शॉट किती वेळ चालवायचा, एका शॉटला दुसरा कोणता जोडायचा आणि प्रेक्षकाला काय ऐकू द्यायचे. प्रकाश, रंग, भिंगे वगैरे यांच्या मागून येतात. पटकथेतला विषय पडद्यावर उमटतो तो या निर्णयांतून.

जोडणीचे बघू. भिलाईला रशियन माणसे काही नवी नाहीत, कारखानाच त्यांच्या मदतीने उभा राहिला. तेव्हा उदाहरणही रशियन घेऊ. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला. तो एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच, तरी बघणाऱ्यांना आधी भूक दिसली आणि मग दुःख. संकलनाची सारी ताकद यात आहे. दोन चित्रांच्या मधल्या फटीत अर्थ प्रेक्षक स्वतः भरतो, आणि स्वतः भरलेला अर्थ त्याला परका वाटत नाही. जाहिरातवाल्यांनाही हे कधीच कळले आहे.

नागराज मंजुळे ‘फँड्री’त (२०१३) याच्या उलट वाटेने जातात. नायक जब्याचे कुटुंब मारलेले डुक्कर काठीला टांगून नेते आहे आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे आहेत. इथे आधी मिरवणूक, मग कट, मग चित्रे असे केले असते, तर ‘बघा, मी काय म्हणतोय’ असे दिग्दर्शकाने बोट धरून दाखवल्यासारखे झाले असते. मंजुळे दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत ठेवतात. माणसे भिंतीसमोरून निघून जातात, आणि त्या भिंतीकडे वळून बघायला त्यांना सवड नाही. आरोप करायला कोणी उरत नाही; पुरावा तेवढा समोर राहतो.

त्याआधीचा राष्ट्रगीताचा प्रसंगही असाच बांधलेला आहे. डुक्कर आता हातात सापडणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, बाप थबकतो, सगळे कुटुंब ताठ उभे राहते आणि डुक्कर निवांत निघून जाते. थिएटरात इथे लोक हसतात आणि हसता हसता अवघडतात. आवाज एका जगातून येतो, देह दुसऱ्या जगात उभे आहेत. राष्ट्रगीताचा मान राखण्यात हे कुटुंब कुठेही कमी पडत नाही. त्यांच्या वाट्याला मान येतो का, हा प्रश्न मात्र कोणी उच्चारत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. इतका वेळ कुंपणावर बसून डुकराची शिकार बघणाऱ्या गावकऱ्यांमध्ये आपणही बसलो होतो, हे त्या दगडाने कळते. कॅमेरा बाजूला ठेवून तोच दगड एखाद्या पात्राला लागताना दाखवला असता, तर आपण सुटलो असतो.

आवाजाचा धडा मराठीत फार जुना आहे. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही; जे ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. काकासाहेब या म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेल्या लग्नाची ही गोष्ट. त्या घरातले भिंतीवरचे घड्याळ काकासाहेबांच्या सरत्या वयाची आठवण देत राहते. आपण काय वाटून घ्यावे हे सांगायला व्हायोलिन नसल्यामुळे घड्याळाचा आवाज मोठा होतो. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि जो तो पडदा गाण्या-वाजवण्याने भरत होता, तेव्हाचा हा संयम आहे. आजच्या मालिकांत दार उघडले तरी तीनदा ढोल वाजतो, त्यांना तो अजून साधलेला नाही.

‘सैराट’ने (२०१६) हीच गोष्ट उलटी केली. पूर्वार्धात अजय-अतुल यांचा भरगच्च वाद्यवृंद, संथ गतीने घेतलेली विहिरीतली उडी, ट्रॅक्टर चालवणारी नायिका आर्ची. प्रेक्षकाला नेहमीच्या हिंदी प्रेमकथेची सवय असते. त्या सवयीचीच गोडी मंजुळे त्याला लावतात. प्रेमी जोडपे पळून हैदराबादेत पोचल्यावर संगीत आटते, झोपडपट्टीचा गलबला उरतो. आणि शेवटी त्यांचे लहान मूल घराबाहेर पडते तेव्हा आवाज पूर्ण बंद. ती शांतता अंगावर येते, कारण दोन तास कान भरलेले होते. पूर्वार्ध उगाच लांबला, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्या लांबीशिवाय शेवटाला धार आली नसती.

आता चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४). व्हेनिसमध्ये पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक, आणि तरीही ‘यात काही घडतच नाही’ ही तक्रार. तक्रार करणाऱ्याने नेमके बरोबर पाहिले आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला, असा खटला आहे. कॅमेरा लांब उभा, बहुतेक वेळ हलत नाही. क्लोज-अप जवळपास नाहीतच. क्लोज-अप आपल्याला एका माणसाच्या बाजूला ओढतो. तो नसला की नजर भरकटते आणि पाठीमागच्या बाकावर ताटकळणारी माणसे, कागदांचे गठ्ठे, खिडक्या दिसू लागतात. सरकारी वकील जुनी कलमे एका सुरात वाचत राहते. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली जाते आणि तेही त्याच सपाट चौकटीत, शेजारच्या प्रकरणाइतक्याच अंतरावरून. खलनायक सापडत नाही. ती वकीलबाई संध्याकाळी मुलाला घरी नेते, स्वयंपाक करते. ती दुष्ट नाही, तिचे काम करते आहे. अन्याय कसा चालतो याचे उत्तर त्या अंतरात आहे.

चित्रपट बघताना हे सगळे टिपत बसावे असे मुळीच नाही. पहिल्यांदा गोष्टच बघावी. आवडलेला एखादा प्रसंग पुन्हा लावावा आणि एकदा आवाज बंद करून पाहावा, एकदा डोळे मिटून ऐकावा. मग विचारावे: कॅमेरा दुसऱ्या बाजूला असता तर कोणाची बाजू घेतली गेली असती? शॉट पाच सेकंद आधी तोडला असता तर काय हरवले असते? सुरुवात ‘कोर्ट’च्या शेवटापासून करा. सुट्टी लागते, कर्मचारी दिवे मालवतो, दार बंद होते आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो. चित्रपट संपला असे समजून तिथे उठू नका. न्यायाधीशांची सहल अजून बाकी आहे.